पानिपत, संक्रांत आणि भरवशाच्या साइट: इतिहास नेटवर नेमका कुठे वाचायचा?

ओवीची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही बारा वर्षं बेंगळुरूत आहोत. लेक सातवीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि तिच्या पुस्तकात मराठ्यांचा इतिहास दोन-अडीच पानांत उरकलाय. पण तिला गोडी लागलीय ती आजोबांमुळे, सुट्टीत गावी म्हसवडला गेलो की रात्री अंगणात बाजेवर पडून ते तिला सांगत बसतात. आता शाळेत प्रोजेक्ट आलंय आणि तिने हट्टाने पानिपत घेतलंय. परवा मला विचारते, आई, पानिपत संक्रांतीच्याच दिवशी झालं ना, म्हणून 'संक्रांत कोसळली' म्हणतात का? मी म्हटलं हो, १४ जानेवारी म्हणजे संक्रांतच की. तर म्हणे हे कुठे लिहिलंय ते सांग, टीचरनी सोर्स लिहायला सांगितलाय.

तीन संध्याकाळी शोधलं. दहा-बारा ब्लॉग आणि साइट उघडल्या आणि जवळपास सगळीकडे एकच मजकूर, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट तोच, कोणी कोणाचा उचललाय कळायला मार्ग नाही आणि खाली संदर्भ एकाही ठिकाणी नाही. ते पानिपतची हानी सांकेतिक शब्दांत कळवणारं 'दोन मोत्ये गळाली' वालं पत्र आहे ना, त्यात एका ठिकाणी सत्तावीस मोहरा गेल्या, दुसरीकडे बावीस, तिसरीकडे नुसतंच 'असंख्य'. लेकीने तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवलेत आणि समोर प्रश्नचिन्ह काढलंय. ते प्रश्नचिन्ह बघून मलाच बेचैन व्हायला झालं, कारण शाळेत असताना मी पण हे सगळं नुसतं पाठ केलं होतं, हे आलं कुठून असं कधी कोणाला विचारलंच नाही.

इथे मराठी पुस्तकांची मोठी लायब्ररी आमच्या घराजवळ नाही. तर नेटवर अशा साइट आहेत का जिथे मराठ्यांचा इतिहास भरवशाने वाचता येईल, शक्यतो मराठीत, शक्यतो फुकट? आणि एखादी साइट चांगली की नाही हे ओळखायचं कसं, तेही सांगा.


घाटवाटा

ताई, आधी लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. 'कुठे लिहिलंय' हा प्रश्न सातवीत पडला म्हणजे अर्धं काम झालं.

ओळखायचं कसं ते पहिले सांगतो कारण साइटची नावं त्यानंतरच उपयोगाची. माझी कसोटी एकच आहे, ती साइट मला मूळ कागदाच्या एक पायरी जवळ नेते का? म्हणजे खाली ग्रंथाचं नाव, खंड, पान, पत्राचा नंबर असं काही आहे का, आणि ते उघडून बघितलं तर तिथे खरंच तसं आहे का. दोन्ही उत्तरं हो आली तर ती साइट ठेवायची, मग ती दिसायला कितीही जुनाट असो. विकिपीडियालाही मी हेच लावतो, लेख वाचण्याआधी खाली संदर्भ बघतो आणि वर 'चर्चा' नावाचं पान असतं ते उघडतो, वादाचे मुद्दे बरेचदा तिथेच सापडतात.

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली जो तयार झाला तोच, आता सगळा ऑनलाइन फुकट आहे. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव आणि संदर्भग्रंथ दिलेले असतात, म्हणजे टीचरना सोर्स म्हणून सरळ देता येतं. केतकरांचा ज्ञानकोशही नेटवर आहे, तेवीस खंड, पण तो साधारण शंभर वर्षांपूर्वीचा आहे हे लक्षात ठेवून वाचा, त्यानंतर बरेच कागद उजेडात आलेत.

दुसरी साइट म्हणजे आर्काइव्ह डॉट ऑर्ग, ही खाण आहे. राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' तिथे स्कॅन केलेली मिळतात. तुमच्यासाठी पहिलाच खंड महत्त्वाचा, १८९८ साली निघालेला, त्यात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत म्हणजे थेट पानिपतचाच काळ. त्यात भाऊसाहेबांची, म्हणजे मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊंची, उत्तरेतले मराठ्यांचे कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रं वाचा, पैसा पाठवा, अब्दालीची रसद तोडा, ही निकड पत्रापत्रातून वाढत जाताना दिसते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री दोनपर्यंत बसलो होतो. तोवर पानिपत म्हणजे विश्वासरावांना गोळी लागली आणि भाऊ हत्तीवरून उतरले एवढंच डोक्यात होतं, ही पत्रं वाचल्यावर कळलं की फौज त्याआधी कित्येक आठवडे दाण्यावाचून आणि चाऱ्यावाचून झिजत होती आणि भाऊंना ते रोज दिसत होतं.

मग 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर', सरदेसायांनी संपादित केलेले ४५ भाग, १९३० नंतर छापलेले. पत्रं मराठीत, बाळबोधात म्हणजे देवनागरीत छापलेली, आणि प्रत्येक पत्रावर इंग्रजीत दोन-तीन ओळींचा सारांश, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना फार सोपं जातं. दुसरा भाग पानिपतचाच आहे.

एक अडचण आधीच सांगतो नाहीतर वैतागाल. आर्काइव्हवर मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत वाट्टेल तशी टाइप केलीत, राजवाडे हे नावच चार तऱ्हेने लिहिलेलं सापडेल, आणि 'मराठ्यांच्या' या शब्दाची तर दैना आहे. एका स्पेलिंगने नाही सापडलं म्हणजे तिथे नाही असं धरू नका. देवनागरीत टाका, मग रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हेने टाका, मग नुसतं संपादकाचं नाव टाका. आणि पुस्तक उघडलं की आधी मुखपृष्ठ बघा, खंड नंबर बऱ्याचदा चुकीचा चढवलेला असतो.


मोडीमित्र

घाटवाटांनी पाया घातलाच आहे, मी संक्रांतीचं बघतो.

ताई, १४ जानेवारी १७६१ ही तारीख बरोबर आहे. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती, ती चार दिवस आधी होऊन गेली होती. आपलं संक्रमण निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणाऱ्या, पंचांगाने धरतात आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना बांधलेलं आहे, त्यामुळे संक्रांतीची इंग्रजी तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आत्ता बघा, १४ वरून १५ कडे चाललीच आहे. मागे गेलात तर उलटं. लेकीला पडताळायला सोपी खूण देतो, स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. म्हणजे तेव्हा संक्रांत १२ ला होती. त्याच्या आधी शंभर वर्षं जा, येते १० जानेवारीच्या आसपास. हे तिला वहीत स्वतः मांडू द्या, प्रोजेक्टमध्ये हा एक परिच्छेद तिचा स्वतःचा होईल.

आणि 'संक्रांत कोसळणे' पानिपतामुळे आलं असं म्हणायचं तर १७६१ नंतरच्या कागदात तसं म्हटलेलं दाखवावं लागेल. मला ते कुठे दिसलेलं नाही, म्हणून मी ते कोणाला सांगत नाही.

आता तारखांचं थोडं सविस्तर, कारण नेटवरचे निम्मे घोळ तिथेच आहेत. पेशवाईतल्या कागदावर इसवी सन नसतो. सुहूर सन असतो आणि तोही अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला. पानिपतच्या वर्षाचा कागद असेल तर त्यावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसेल. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, आपल्या शेतकऱ्याचं वर्ष, म्हणून त्याला मृगसाल पण म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. जानेवारीचं पत्र, ११६१ अधिक ६००, १७६१. पोरांना हे कोडं सोडवल्यासारखं वाटतं, मी भाच्यांवर करून बघितलंय, एका दुपारी सगळी नावं पाठ केली त्यांनी.

जुने शब्द अडले की शिकागो विद्यापीठाची डिजिटल साउथ एशिया लायब्ररी उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची आवृत्ती, तिथे शोधता येतो, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मोल्सवर्थने शब्द लोकांच्या तोंडून आणि कागदातून वेचलेत, पेशवाई जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे त्या भाषेची चव त्यात आहे. 'खुर्दा' बघा म्हणजे मोहरांच्या पत्रात तांब्याची चिल्लर कशी आली ते कळेल.

त्या पत्राचंही सांगतो. ग्रँट डफच्या इतिहासात, १८२६ चा, आर्काइव्हवर आहे, सावकारांच्या पत्राचा इंग्रजी तर्जुमा दिलाय, त्यात दोन मोती आणि सत्तावीस मोहरा आहेत. तेव्हा लेकीच्या तीन आकड्यांपैकी सत्तावीसला निदान पुस्तक आहे. तिने 'ग्रँट डफच्या मते' असं लिहावं म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही.


पायरव

एवढं सगळं ठीक आहे हो पण सातवीतली मुलगी राजवाडे वाचणार का? यूट्यूबवर चांगले चॅनल आहेत, नकाशे हलताना दिसतात, फौज कुठून कुठे गेली ते पाच मिनिटांत कळतं. मी स्वतः ट्रक-ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, वाचायला वेळ मिळत नाही, गाडी चालवताना ऐकतो आणि त्यामुळेच माझी इतिहासाची आवड टिकून आहे. दिल्लीकडे गेलो तेव्हा मुद्दाम पानिपतला उतरून काला आंब, ते लढाईचं स्मारक, बघून आलो, ते पण एका व्हिडिओमुळेच. तिथे उभं राहिल्यावर जे पोटात कालवलं ते शब्दात सांगता येत नाही. तर व्हिडिओला नावं ठेवू नका एवढंच म्हणणं.


घाटवाटा

पायरव भाऊ, नावं अजिबात ठेवत नाही, नकाशासाठी व्हिडिओसारखं दुसरं काही नाही. फक्त खाली वर्णनात पुस्तकांची नावं दिलीत का ते बघा, काही जण फार मेहनतीने देतात आणि अशांचे व्हिडिओ मी पण बघतो. जिथे बोलणारा 'इतिहासात लिहिलंय' एवढंच म्हणतो तिथे मी थांबतो, कारण लिहिलंय कोणी, कधी, आणि तो माणूस तिथे होता का हेच तर जाणून घ्यायचंय.

पानिपतलाच बघा. काशीराज पंडित हा अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलाच्या पदरी होता, लढाईच्या वेळी त्या बाजूला हजर होता, त्याने फारसीत हकिगत लिहिली आणि तिचं इंग्रजी भाषांतर 'एशियाटिक रिसर्चेस' मध्ये छापलं गेलं, तेही नेटवर मिळतं. म्हणजे माणूस डोळ्यांनी बघणारा पण छावणी दुसरी, आणि लिहिलं वीसेक वर्षांनी. भाऊसाहेबांची बखर मराठी बाजूची, भाषा इतकी जिवंत की मोठ्याने वाचावीशी वाटते, पण बखरकार पात्रांच्या तोंडी संवाद घालतो, आकडे फुगवतो. आणि राजवाडे खंडातली पत्रं त्या त्या दिवशी लिहिलेली, पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसताना. मला त्यातली पत्रं सगळ्यात जवळची वाटतात ती याचमुळे. मुलीला पूर्ण खंड वाचायला लावू नका, दोन पत्रं निवडा आणि शेजारी बसून मोठ्याने वाचा.


मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. तारखांवरून आठवलं म्हणून एक भर घालतो, पानिपतला लागू नाही पण पुढे वाचताना हमखास अडेल.

पोर्तुगालने १५८२ सालीच नवीन ग्रेगरियन पंचांग घेतलं, इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवर राहिले. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवसाची गोव्यातल्या पोर्तुगीज कागदावरची तारीख आणि सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारीच्या कागदावरची तारीख यात दहा दिवसांचं अंतर पडतं, १७०० नंतर अकरा दिवसांचं. वसई चिमाजीअप्पांनी घेतली तो तहाचा दिवस १६ मे १७३९, तोच दिवस जुन्या इंग्रजी पंचांगाने ५ मे. दोन साइटवर दोन तारखा दिसल्या की लोक एकमेकांना खोटं ठरवतात, दोघंही बरोबर असतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या पंचांगाची आहे, जेधे शकावली या जुन्या तिथीवार टिपणातल्या फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ वरून काढलेली, आजच्या पंचांगाने मोजली तर १ मार्च येते. माझ्या घरी म्हणून आम्ही तिथीला आणि तारखेला दोन्ही दिवशी दिवा लावतो.

पोर्तुगीज कागद वाचायला भाषा यावी लागते पण पिसुर्लेकरांनी आयुष्य त्या दफ्तरात घालवून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मराठीत लिहून ठेवलंय. आणि इंग्रज वखारीची पत्रं हवी असतील तर 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' शोधा, पुण्यात १९३१ साली छापलेलं. त्यात इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर होता त्याची हकिगत आहे.

ओवीला सांगा, भीमाशंकरला कधी गेलीस तर देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा नीट बघ, तिच्यावर क्रूस आहे आणि १७२९ साल आहे. ती वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणतात. नेटवर फोटो आहेतच पण त्या सालावरून बोट फिरवायला मिळालं तर वेगळंच.


रानजाई

अभिलेख पटल कोणी सांगितलं नाही अजून. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल आहे, नाव नोंदवलं की स्कॅन बघता येतात, इंग्रजी काळासाठी उत्तम. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी पण बघा, जुनी वर्तमानपत्रं आणि दुर्मिळ पुस्तकं आहेत.

आणि म्हसवड म्हणालात म्हणून, सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर काढा. कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९ वा खंड, १८८५ चा. शासनाच्या दर्शनिका विभागाने गॅझेटिअर नेटवर दिलीत, आर्काइव्हवरही आहेत. सगळं वाचू नका, शेवटचं गावांचं प्रकरण उघडा, अक्षरक्रमाने लावलेलं असतं. आपल्या गावाचं नाव छापलेलं दिसलं की मूल पुढचं आपणहून वाचतं.


ओवीची_आई

मंडळी, कसे आभार मानू कळत नाही. शनिवार-रविवार आम्ही दोघी याच्यातच होतो, स्वयंपाक ह्यांनी केला.

गॅझेटिअर आधी उघडलं. म्हसवड सापडलं! नाथाचं देऊळ, यात्रा, सगळं इंग्रजीत छापलेलं, ओवीने लगेच आजोबांना फोन लावला आणि एकेक वाक्य मराठी करून सांगत गेली, आणि पलीकडून आजोबा मध्येच थांबवून इथे असं नाही तसं आहे म्हणून दुरुस्त करत होते. चाळीस मिनिटं चाललं. नंतर आजोबांनी मला वेगळा फोन करून सांगितलं की हे पुस्तक छापून पाठव.

संक्रांतीचं गणित तिने स्वतः मांडलं, विवेकानंदांपासून मागे मागे, आणि प्रोजेक्टमध्ये अख्खं पान दिलंय. सत्तावीस मोहरांसमोरचं प्रश्नचिन्ह खोडून ग्रँट डफ लिहिलं, पान नंबर सकट. भाऊंनी गोविंदपंतांना लिहिलेली दोन पत्रं मोठ्याने वाचली. पहिल्यांदा तिला काहीच कळेना, मग मोल्सवर्थ शेजारी उघडून शब्द लावत गेलो, आणि दुसऱ्या पत्राला ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, आई, ह्यांना उपाशी आहोत म्हणायला लाज वाटत असेल ना. मला काही बोलता आलं नाही.

अजून एक. आजोबांच्या ट्रंकेत एक मोडी कागद आहे, जमिनीचा असावा, आमच्यात कोणालाच वाचता येत नाही. त्यांनी फोनवरून फोटो पाठवलाय, अंधुक आहे, पण वरच्या बाजूला आकडा आहे तो ओवीला १२८५ वाटतोय. हा सुहूर धरून आम्ही ६०० मिळवले तर १८८५ येतं. बरोबर आहे का? इथे फोटो टाकू का?


मोडीमित्र

टाका ना, नक्की टाका.

आकडा १२८५ च असेल तर सुहूर धरण्याची घाई नको. जमिनीचा, इंग्रजी अमलातला महसुली कागद असेल तर फसली सन, म्हणजे महसुलाचं साल, असण्याची शक्यता जास्त. फसलीला ५९० मिळवायचे, म्हणजे १८७५ च्या जूनपासून १८७६ च्या जूनपर्यंतचं साल. हिजरी असेल तर १८६८-६९ येईल. कुठला ते आकड्याच्या आधीच्या शब्दावरून कळतं, म्हणून तो शब्द फोटोत स्पष्ट हवा.

आजोबांना सांगा, कागद ट्रंकेतून काढताना घडीवर दाबू नका, जुनी घडी तिथेच फाटते. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर घाला, खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही असं. फ्लॅश बंद. मोबाइल कागदाच्या बरोबर वर धरा, आधी चारही कडा दिसतील असा एक फोटो आणि मग वरून खाली तीन-चार ओळींचे तुकडे. पाठीमागे काही लिहिलंय का तेही बघा, शेरा किंवा शिक्का बरेचदा मागेच असतो. प्लॅस्टिकमध्ये घालू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

फोटो आला की आधी ओवीला पहिली ओळ लावू दे. मी अक्षरांचा तक्ता देतो, अडली की सांगतो.